पँट सैल करून मिळणार नाही

मास्तरांच्या दुकानाला पस्तीस पायऱ्या होत्या आणि दुकानात गिऱ्हाइकाला बसायला एकही खुर्ची नव्हती. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खाली रस्त्यावर सगळी रेडिमेडची दुकानं, दुकानांबाहेर पुतळे. पुतळ्यांना डोकी नाहीत, पण कंबर मात्र अठ्ठावीस. त्यांच्या मधून एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला उभा दगडी जिना. चार पँटी पिशवीत घालून मी तो जिना चढलो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. दारात पोचलो आणि चौकटीला धरून श्वास घेत उभा राहिलो. आत मास्तर टेबलाशी उभे राहून कापड कापत होते. त्यांनी कात्री थांबवली नाही की मान वर केली नाही.

"चोविसाव्या पायरीला थांबला तुमी," ते म्हणाले. "मग तिसाव्या. व्हय की न्हाय?"

खरंच थांबलो होतो. मी म्हणालो, मोबाइल वाजला म्हणून थांबलो.

"समद्यांचा मोबाइल तितंच वाजतोय," मास्तर म्हणाले.

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि चारही पँटी कमरेत दोन-दोन इंच सैल करून हव्यात असं सांगितलं. त्यांनी कात्रीच्या टोकानं माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे खूण केली. तिथे पुठ्ठ्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं : 'पँट सैल करून मिळणार नाही. आवळून मिळेल.'

"का बरं?" मी विचारलं.

"न्हाय मिळत म्हणून." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या तोंडाकडे नव्हे, पोटाकडे, मग पायांकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. "तुमी गुरुजींचे न्हवं?"

गुरुजी म्हणजे माझे वडील. ते शाळेत शिक्षक होते आणि त्यांचे कपडे याच दुकानात शिवले जात. लहानपणी दिवाळीआधी मी त्यांच्याबरोबर इथे येत असे. तेव्हा दाराशी एक लांब बाकडं होतं, त्यावर बसून मी पाय हलवत असे. आणि मला अगदी स्वच्छ आठवत होतं, की वडिलांची पँट घट्ट झाली की हेच मास्तर तिथल्या तिथे, हसत हसत, दहा मिनिटांत ती सैल करून देत. मग आता काय झालं होतं? बाकडं कुठे गेलं? हा प्रश्न माझ्या डोक्यात जो शिरला तो चार महिने निघाला नाही. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मी त्या पायऱ्या पँटीसाठी नव्हे, तर या प्रश्नासाठीच चढलो.

गेल्या वर्षी ती इमारत पाडली आणि मास्तर बायकोसह मुलीकडे वैरागला राहायला गेले. पण त्यांचं नाव निघालं की मला आधी दिसतो तो त्यांच्या गळ्यातला टेप. पिवळट, कडेला धागे सुटलेला, दोन्ही टोकांना पितळी पत्री. त्यांच्या वस्तादांनी दुकान टाकताना दिलेला. सत्तरीच्या घरातले मास्तर बुटके, ताठ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट खोचलेला आणि पट्टा कधीच नाही. "पट्टा लावतो त्याची पँट चुकलेली असती," असं त्यांचं म्हणणं. स्वतःची कंबर तीस वर्षं बत्तीस आहे हे ते पाच मिनिटांच्या ओळखीत सांगत. दर पाडव्याला ते स्वतःचं माप घेत आणि कोपऱ्यात काजं-बटणं करत बसणाऱ्या त्यांच्या बायको, म्हणजे काकू, ते वहीत लिहून घेत. आपसात दोघं तेलुगू बोलत, त्यामुळे भांडण चाललंय की दोरे मागवणं चाललंय ते गिऱ्हाइकाला कळत नसे.

मशीन पायाचं. मोटर बसवून घ्या म्हणून कितीजणांनी सांगितलं असेल. मास्तर पँट वर करून आपली पोटरी दाखवत. पोटरी खरोखर बघण्यासारखी होती.

माप घेण्याची त्यांची तऱ्हा निराळी. टेप कमरेभोवती आला की प्रत्येक पुरुष पोट आत ओढतो. मास्तर तेव्हाच विचारत, "जेवान झालं का?" माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो, श्वास सुटतो, पोट आपल्या जागी येतं, आणि त्या क्षणी मास्तर आकडा वाचत. कंबर झाली की मांडी, मग पोटरी, मग दंड. पँटीसाठी दंड कशाला लागतो, असं विचारलं तर म्हणत, "पँटीला न्हाय, मला लागतो." हे सगळं जाड वहीत नावावर लिहिलेलं. वजनकाट्यावर त्यांचा राग होता. "काट्याला काय कळतंय? हाड, मांस, चरबी, खिशातला मोबाइल, समदं एकच. दोन माणसं सत्तर किलोची. एकाची मांडी भरलेली नि कंबर बारीक, दुसऱ्याचं पोट म्होरं नि पाय काटक्या. काट्यावर दोघं भाऊ. टेप लावला की कळतंय कोण कोण हाय."

आणखी एक खोड. बोलता बोलता त्यांच्या हातून खडू खाली पडे. गिऱ्हाईक अदबीनं तो उचलून देई. मला किती तरी दिवस वाटत होतं, म्हाताऱ्याचे हात कापतात. मग एकदा काकूंनी हसून फोडलं, की तो पडत नाही, पाडला जातो. कोण टेबलाला धरून वाकतो, कोण कण्हतो, कोण सरळ उकिडवा बसून उठतो, हे मास्तर बघत आणि वहीत नावापुढे बारीक खूण करत. एकदा एक व्यायामशाळेतला तरुण आला. दंड असे, की शर्टाच्या बाह्या शिवाव्यात कशा हाच प्रश्न. मास्तरांनी खडू पाडला. पठ्ठ्यानं टेबलाला धरलं, एक पाय मागे टाकला, "आई गं" म्हणाला आणि शेवटी खडू पायानंच मास्तरांकडे सरकवला. तो गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "वरचा मजला लई झकास बांधलाय. पाया राहिला."

माझं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पँटी परत घेऊन आलो त्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि माझी साखर सीमेवर निघाली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने देतो, पोट कमी करा, नाहीतर गोळ्या सुरू. गोळ्यांची मला भीती नव्हती. भीती होती ती वडिलांची. त्यांचं असंच सुरू झालं होतं, आधी सीमेवर, मग सीमेपलीकडे, मग अंगठ्याला जखम, मग गुडघ्याखालचा उजवा पाय. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो. सुट्टीवर आलो तर वडील खिडकीशी बसलेले आणि पांघरुणाखाली एकाच पायाचा उंचवटा. तो उंचवटा माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेला नाही. रिपोर्ट हातात आला आणि मी टेबलाखाली माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलवून बघितला.

हे सगळं मी बायकोच्या आधी मास्तरांना का सांगितलं, कुणास ठाऊक. त्यांनी ऐकून घेतलं, टेप लावला, जेवणाची चौकशी केली आणि आकडा वाचला : चाळीस.

"डॉक्टर गोळ्या देतील तर घ्या बरं का," ते म्हणाले. "त्यात मी बोलणार न्हाय. आनि खायाचंबी मला इचारू नका, मी शिंपी हाय. मला येवढं सांगा, दिवसभर बसता किती?"

मी मोजायला लागलो. जुळे सोलापूरहून ऑफिसला स्कूटरवर बसून. ऑफिसात बसून. स्कूटरवर बसून परत. मग टीव्हीसमोर बसून. भाजीला स्कूटर, दुधाला स्कूटर. मास्तर बोटं मोजत होते. त्यांची बोटं संपली.

त्यांनी व्यायाम म्हणून काही सांगितलंच नाही. भाजीची पिशवी पायी जाऊन आणायची, भरलेली, दोन हातांत सारखी वाटून. ऑफिसात दर अर्ध्या तासाला फाइल स्वतः उठून ठेवायची, शिपायाला हाक मारायची नाही. जेवायला खाली बसायचं आणि हात न टेकता उठायचं. आणि पाणी. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते खालच्या हौदात पडतं आणि मोटरनं गच्चीवर चढतं. मास्तर म्हणाले, त्या दिवशी तुमच्या घरापुरतं पाणी बादलीनं वर न्या. घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी चार बादल्यांत मी जिन्यातच बसलो. समोरच्या काकूंना वाटलं आमची मोटर जळली. त्यांनी मिस्त्रीचा नंबर आणून दिला. बायकोला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि महिनाभरानं तीही एक बादली घेऊन मागून यायला लागली.

दर पंधरा दिवसांनी मी मापाला जायचो. मास्तर नवी पँट शिवायला घेत नव्हते. "थांबा, माणूस अजून फायनल न्हाय," म्हणायचे. एकोणचाळीस. साडेअडतीस. अडतीस. चौथ्या महिन्यात टेप साडेसदतीसवर आला तेव्हा मी पस्तीस पायऱ्या शीळ घालत उतरलो आणि तसाच डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. चार महिन्यांत फक्त दीड किलो. त्यांचा चेहरा पडला. मी ऐटीत म्हणालो, "वजनाचं सोडा डॉक्टर, कंबर बघा. चाळीसची साडेसदतीस." त्यांनी नर्सला टेप लावायला सांगितलं. तिनं लावला, वाचला, पुन्हा लावला. एकोणचाळीस.

"घरचा टेप जरा लाडाचा दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आलो आणि स्कूटरवर नुसता बसून राहिलो. चार महिने बादल्या वाहिल्या त्या एका इंचासाठी? आणि तो इंचही खरा कशावरून? मला संताप आला. मास्तरांचा, माझा, त्या पितळी पत्रीचा. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून सुताराचा लोखंडी टेप घेतला आणि पायऱ्या चढलो. त्या दिवशी कुठेही थांबलो नाही, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

मास्तरांचा टेप मी मागून घेतला, टेबलावर पसरला आणि शेजारी लोखंडी टेप ठेवला. मास्तरांच्या टेपवर चाळीस होते तिथे लोखंडी टेपवर साडेएकेचाळीस होते. इतक्या वर्षांत इतक्या पोटांभोवती ओढून ओढून तो कापडी टेप ताणला गेला होता.

आणि कुणाला कधी कळलंच नव्हतं. कळणार कसं? माप त्याच टेपनं आणि कापडही त्याच टेपनं कापलेलं. दोन्हीकडे चूक सारखीच, त्यामुळे पँट दर वेळी अंगाला चपखल. असली चूक फक्त चांगल्या शिंप्याच्याच हातून होऊ शकते.

मास्तरांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग लोखंडी टेप उचलून त्यांनी तो स्वतःच्या कमरेला लावला. वाकेना, तसा काकूंच्या डब्यातला नवा टेप घेतला. सव्वातेहतीस. काकू सुई न थांबवता मराठीत, म्हणजे मला कळावं म्हणून, म्हणाल्या, "लग्नातली पँट पेटीत हाय. घालून बघा म्हणलं की चिडत होते. मला कवाच ठाव हाय."

मास्तरांच्या हातातला खडू पडला. या वेळी तो खराच पडला होता, कारण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उकिडवा बसलो, खडू उचलला आणि उठून त्यांच्या हातात दिला. तेव्हा कुठे त्यांची नजर माझ्यावर आली.

"परत बसा," ते म्हणाले.

"काय?"

"तसंच. बसा नि उठा."

मी बसलो आणि उठलो. हात कुठे टेकला नाही. मास्तरांनी वही ओढली, माझं पान काढलं आणि पहिल्या दिवशीच्या खुणेवर बोट ठेवलं. "पयल्या दिवशी तुमी टेबलाला धरलं हुतं. हे काय टेपनं मोजलं न्हाय." मग जरा थांबून, माझ्यापेक्षा स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले, "आनि चाळीसबी ह्याच टेपानं घेतलं हुतं की. म्हंजे तवा तुमी साडेएकेचाळीस हुता. आकडा खोटा. उतरलासा ते खरं."

मी मनात वजाबाकी केली. अडीच इंच. डॉक्टरांकडे सुरुवातीचं मापच नव्हतं, म्हणून त्यांना ते दिसलं नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं, की त्या म्हाताऱ्याला मिठी मारावी. पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही. ज्याच्या जोरावर त्यांनी वजनकाट्याला, डॉक्टरांना आणि अख्ख्या नव्या पेठेला नावं ठेवली, तो टेप टेबलावर पडला होता.

पुढच्या रविवारी मी गेलो तर टेबलावर वह्यांचा ढीग. टेप कधीपासून ताणला हे कळायला हवं, म्हणून मास्तर जुनी मापं काढून बसले होते. म्हणजे उभे होते. ज्यांना 'तुमी छत्तिसाच्या आत हाय, काळजी न्हाय' म्हणून सांगितलं, त्यांना पुन्हा बोलवायचं होतं. मी नावं वाचायला मदत करू लागलो. तळाशी एक फार जुनी वही निघाली आणि तिच्यात माझ्या वडिलांचं पान.

कंबर चौतीस. त्याखाली : पस्तीस, सैल केली. साडेछत्तीस, सैल केली. अडतीस, सैल केली. एकोणचाळीस, सैल केली. साडेचाळीस, सैल केली. आणि सगळ्यात खाली, त्याच वळणदार अक्षरात : उजवा पाय गुडघ्यापर्यंत.

मला पुढचं नाव वाचता येईना.

"तुमच्या आई आल्या हुत्या सांगायला," मास्तर म्हणाले. "गुरुजी यायचे, बाकड्यावर बसायचे, म्हणायचे, मास्तर, जरा हवा येऊ द्या. मी पाच डाव हवा दिली. धा मिनिटांचं काम. एकदाबी म्हणलो न्हाय, गुरुजी, का वाढतीया?"

"तुमच्यामुळे थोडंच झालं ते," मी म्हणालो. "त्यांची साखर होती. ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत."

"तेच की. डॉक्टरकडं गेले न्हाईत. दरसाल त्यांचं माप घेणारा मी एकटाच हुतो." त्यांनी वही मिटली. "त्या एका पायाची पँट दिली, नि बाकडं काढलं."

माझं कुतूहल तिथेच संपलं. तरी मी त्या दुकानात आणखी वर्षभर जात राहिलो. पण आधी तो रिपोर्ट सांगतो.

सहा महिने भरले. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला आणि म्हणाले, गोळ्या नकोत, असंच चालू ठेवा, परत तपासू. मी कागद घडी करून खिशात घातला आणि नव्या पेठेत चालत गेलो. जिना चढत होतो तर मास्तर वाटेतच एका पायरीवर थांबलेले भेटले, हातात चहाची किटली. टेप खोटा निघाल्यापासून ते चहा खालून स्वतः आणत होते, दिवसातून चार वेळा. पुढच्या पाडव्याला कंबर खरोखर बत्तीस करायची होती.

"थांबला न्हाय तुमी," ते म्हणाले.

"तुम्ही थांबलात," मी म्हणालो. ते हसले.

मी पहिल्या दिवशीच्या चार पँटींपैकी राखाडी पँट आणली होती. आता ती आवळायची होती. मास्तरांनी नव्या टेपनं माप घेतलं, मागची शिवण उसवली, आत घेतली आणि पायाच्या मशीनवर नवी शिवण मारली. आतल्या बाजूला दोन्हीकडे पट्ट्या राहिल्या, बोटभर रुंद. एरवी कुठलाही शिंपी त्या तशाच ठेवतो, कारण माणसाचा भरवसा नसतो.

"हे ठिऊ का कापू?" मास्तरांनी विचारलं.

पुढच्या वर्षी काय होईल, कुणी सांगावं? सण येतात, पाऊसकाळ येतो, आळस येतो. ते कापड आत असलं तर कुणाकडूनही दहा मिनिटांत सैल करून मिळालं असतं. मास्तर घाई करत नव्हते. काकूंची सुई थांबली होती.

"कापा," मी म्हणालो.

मास्तरांनी पँट माझ्याकडे सरकवली आणि कात्री उलटी धरून मूठ माझ्यापुढे केली.

"तुमी कापा."

कात्री चांगलीच जड होती. मी शिवणीच्या कडेनं एक बाजू कापली, मग दुसरी.